पान अर्ध्यावर थांबायचं

त्या वर्षी आमच्या घरातलं इंटरनेट धड बंदही पडत नव्हतं आणि धड चालतही नव्हतं. पार बंद असतं तर मी तक्रार करून मोकळी झाले असते. पण ते सकाळी सुरळीत चालायचं आणि दुपारी जेवणं आटोपून मी पुन्हा बसले की त्याचे नखरे सुरू व्हायचे. पान उघडायला लागायचं, वरची पट्टी दिसायची, एखादं चित्र अर्धं यायचं आणि खाली नुसता पांढरा भाग. दोन-तीन मिनिटं तसंच. मग आपोआप सगळं पुन्हा सुरू.

मी अकोल्याला एका ग्रंथालयात नोकरीला होते. पुस्तकं शेतीविषयक, वाचणारे बहुतेक विद्यार्थी आणि प्राध्यापक. मिस्टरांना जाऊन चार वर्षं झाली होती. घरात मी आणि माझे सासरे, दोघंच. त्यांना मी मामाजी म्हणायची. मामाजींची सगळी नोकरी टेलिफोनच्या लाइनवर गेलेली. खांबावर चढायचं, तुटलेली तार शोधायची, जोडायची. निवृत्त झाल्यावर त्यांना कानानं कमी ऐकू यायला लागलं. फोनची घंटी ऐकू येईना, तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या फोनला स्वतःच्या हातानं एक छोटा लाल दिवा बसवला. फोन आला की दिवा लुकलुकायचा. घंटी त्यांनी काढूनच टाकली होती. 'जे मले ऐकू येत नाई ते शेजाऱ्यायले कावून ऐकवू?' असं म्हणायचे. रिसीव्हरमध्ये आवाज मोठा करायचं काहीतरी बसवलं होतं, त्यामुळे बोलणं मात्र त्यांना नीट कळायचं. हा फोन अंगणापलीकडच्या त्यांच्या खोलीत. घरातला लँडलाइन तो एकच. मी मोबाइल वापरायची, पण समोरच्या खोलीत त्याला रेंज नसायची. बोलायचं तर गच्चीवर जावं लागे.

मोडेम आणि कॉम्प्युटर समोरच्या खोलीत. सुट्टीच्या दिवशी मी तिथे बसून पुस्तकांच्या नोंदी भरायची.

या अर्धवट पानांवर मी दोन महिने उपाय करत होते. मोडेम फ्रिजपासून दूर नेला. वायर बदलली. ऑफिसातल्या कुणीतरी काही आकडे लिहून दिले, ते सेटिंगमध्ये भरले. त्या दुपारी सगळी पानं झरझर उघडली आणि मी निश्चिंत झाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग वाटलं, बिघाड दुपारीच होतो म्हणजे उन्हामुळे मोडेम तापत असणार. म्हणून त्याच्यासमोर छोटा टेबलफॅन लावला. तेव्हाही दोन दिवस बरं वाटलं. अशा बिघाडाचा हाच तर त्रास. काहीही केलं तरी एकदा गुण येतो आणि माणूस फसतो. लाइनमन येऊन गेला, त्यानं यंत्र लावून पाहिलं आणि म्हणाला, "म्याडम, लाइन तं एकदम ओके हाये." तो सकाळी दहाला आला होता.

मामाजी दोन-तीनदा म्हणाले, "मी पाहू का?" एकदा तर बॅटरी आणि पक्कड घेऊनच दारात उभे राहिले. मी त्या दिवशी वैतागलेली होते. म्हणाले, "मामाजी, हे टेलिफोन नाही. हे तुमच्या काळातलं नाही. राहू द्या." त्यांनी पक्कड खिशात घातली आणि अंगण ओलांडून गेले. नंतर त्यांनी विषय काढला नाही. मीही नाही.

तो रविवार होता. कपाशीवर फवारणीचे दिवस. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते म्हणूनच मोबाइल वाजलेला कळला. माझी धाकटी बहीण. ती अमरावतीला एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती. आवाज तुटत होता.

"ताई, ऐकू येऊन राहिलं का? एक बाई आली आहे. फवारणीचं औषध कालवत होती, हातानं. सकाळपासून तोंडाले फेस, घाम. आता झटके यायले लागले."

"औषध कोणतं?"

"तेच तं कळून नाही राहिलं. नवरा बाटली घेऊन आला, पण लेबल औषधानंच खाल्लं आहे. अर्धं उरलं. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन सुरू केलं आहे, पण हे झटके त्यात बसत नाहीत. चुकीच्या औषधावर इंजेक्शन वाढवत नेलं तर ते अंगावर येईल. बाटलीत काय आहे ते सांगा म्हणतात."

विषबाधेची माहिती देणाऱ्या नंबरावर ते लोक तासभर फोन लावत होते. सारखा एंगेज. त्या हंगामात सगळीकडचेच वॉर्ड भरले होते, त्यांना तरी कुठवर पुरणार. दवाखान्यातला कॉम्प्युटर ऑफिसात आणि ऑफिसला रविवारचं कुलूप. ज्या दुकानातून औषध घेतलं तेही बंद. माझ्या ग्रंथालयात छापील यादी होती, पण तिकडे त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद होती आणि किल्ली ज्याच्याकडे, तो गावाला गेलेला.

मला माहीत होतं की नोंदणी झालेल्या सगळ्या औषधांची यादी सरकारी संकेतस्थळावर असते. विद्यार्थ्यांना मीच काढून द्यायची. पण फाइल जड होती, कागद स्कॅन करून केलेली.

"मी पाहते," मी म्हटलं. "तू लँडलाइनवर फोन कर. इथे खाली रेंज नाही."

"वॉर्डातल्या फोनवरून करते. लवकर कर वं."

मी कपड्यांची बादली तशीच टाकून खाली आले. मामाजींना जाऊन मोठ्यानं सांगितलं, की असं असं आहे, फोन येईल. त्यांनी मान हलवली आणि दिव्याकडे तोंड करून खुर्ची ओढून बसले.

संकेतस्थळ उघडलं. यादीवर क्लिक केलं. फाइल यायला लागली, निळी पट्टी हळूहळू सरकू लागली. पाव भाग झाला असेल, तेवढ्यात पट्टी थांबली. पान नाही, पट्टी नाही, काहीच नाही. दोन मिनिटांनी 'पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश आला. फाइल पहिल्यापासून.

मामाजी अंगणातून आले. "फोन हाये. बोलवून राहिली."

मी धावले. बहीण म्हणाली, "बाटली हिरवी आहे. लेबलवर नावाची शेवटची तीन अक्षरं दिसतात." तिनं सांगितली, मी हातावर लिहिली. परत येऊन पाहते तर पडद्यावर तोच संदेश, फाइल तशीच तुटलेली.

मग मी यादी सोडून विक्रेत्यांची पानं शोधायला लागले. त्या तीन अक्षरांनी संपणारी दोन-तीन नावं सापडली. एक पान उघडलं. वर कंपनीचं चिन्ह आलं, मग हिरव्या बाटलीचं चित्र यायला लागलं. टोपण, मान, खांदा. खाली घटक लिहिलेले असणार. आणि तिथेच ते थांबलं. अर्धी बाटली आणि खाली पांढरं. मी पडद्याच्या काचेवर बोट आपटलं, जणू आपटल्यानं ते खाली उतरणार होतं.

मामाजी पुन्हा दारात. हातात कागदाची चिठ्ठी. "तुले उठवत नाई. मीच लिहून घेतलं. लेबलावर आकडा दिसला म्हणते. पन्नास अधिक पाच. मी तिले एक एक आकडा म्हणायले लावला. पाच, शून्य, अधिक, पाच."

चिठ्ठीवर त्यांचं रेखीव अक्षर होतं. वर वेळही लिहिलेली. ही त्यांची नोकरीतली सवय. कानानं दगा दिल्यापासून तर ते प्रत्येक फोनची वेळ लिहून ठेवत.

पन्नास अधिक पाच म्हणजे एक औषध नव्हे, दोन औषधांचं मिश्रण. इतकं मला ग्रंथालयातल्या नोकरीनं शिकवलं होतं. पण कोणत्या दोहोंचं? अशी मिश्रणं कितीतरी. अंदाजानं सांगायची ही गोष्ट नव्हती.

मी मोडेम बंद करून चालू केला. टेबलफॅन त्याच्या तोंडाशी नेला. फाइल पुन्हा सुरू झाली. निम्मी झाली. मी देवाचं नाव घेतलं. पट्टी थांबली.

मी टेबलावर डोकं ठेवलं. किती वेळ ते ठाऊक नाही, अर्धं मिनिट असेल. वर पाहिलं तर मामाजी उभे होते, हातात नवी चिठ्ठी. पण ते माझ्याकडे पाहत नव्हते. मोडेमकडे पाहत होते.

"हा दिवा कावून लुकलुकून राहिला?"

"लाइन तुटली की लुकलुकतो. जोडली की स्थिर होतो. मामाजी, काय म्हणाली ती?"

"काई नाई. सापडलं का म्हणते. झटका पुन्हा आला म्हणते." ते तसेच उभे. "मी मंगाशी आलो तवाबी लुकलुकत होता. त्याच्या आधीबी."

"हो, तेच तर चाललंय."

"आता कधी बंद झालं?"

मी चिडून म्हणाले, "आत्ताच. तुम्ही यायच्या आधी दोन मिनिटं."

"घड्याळात किती वाजले होते?"

सुदैवानं पडद्यावर संदेशाशेजारी फाइल तुटल्याची वेळ होती. बारा वाजून सव्वीस मिनिटं. त्यांनी हातातली चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. वर लिहिलं होतं, १२.२६.

"आधीचं?"

आधीची फाइल तुटल्याची वेळही तिथे होती. त्यांनी दुसरी चिठ्ठी खिशातून काढली. एका मिनिटाचा फरक.

मला अजूनही कळलं नव्हतं. त्यांना कळलं होतं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"माह्याच फोननं होऊन राहिलं, बाई," ते म्हणाले. "फोन वाजला की लाइनीत जोराचा करंट येते. दिवा त्याच्यानंच लागते. तुह्या डब्याले तो सोसत नाई. तो पडते, मंग उठून उभा राहाले त्याले दोन मिनिटं लागते."

"पण लाइनमननं छोटी डबी लावून दिली होती ना, फोन आणि इंटरनेट वेगळं करायला?"

"ती इथं आतमंदी हाये. माहा फोन मी भाईरच्या पेटीतून घेतला, डबीच्या अल्याडून. मीच वायर टाकली. तवा इंटरनेट नव्हतं घरात."

मग सगळंच लक्षात आलं. त्यांचे जुने सोबती दुपारी जेवून फोन करायचे. सकाळी कुणीच नाही. घंटी काढलेली, त्यामुळे इकडे मला फोन आल्याचं कळायचंच नाही. दोन महिने मी उन्हाला दोष देत होते. आणि त्या दिवशी तर बहीण जितक्या काळजीनं फोन करत होती, तितक्या वेळा आमची फाइल तुटत होती.

मी काही बोलायच्या आत मामाजी वळले. अंगणात बाहेरच्या भिंतीवर पेटी होती. त्यांनी स्क्रू काढायलाही वेळ घेतला नाही. झाकण ओढलं आणि आपल्या फोनची वायर दोन बोटांनी उपटून काढली. बरोबर तीच काढली. तिकडून ओरडले, "लाव आता!"

मी फाइल लावली. आता फोन येणार नव्हता, म्हणजे दवाखान्यात काय चाललंय हेही कळणार नव्हतं. मोडेमचा दिवा स्थिर होता. पट्टी सरकत होती. मामाजी येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. पाव झाली. निम्मी झाली. त्यांनी खुर्चीची पाठ धरली होती. पाऊण भागाशी पट्टी जरा रेंगाळली. मग पुढे सरकली. पूर्ण झाली.

फाइल उघडली. शोधायची सोय नव्हती, नुसती कागदांची छायाचित्रं. एकेक पान खाली सरकवत गेले. मिश्रणांचा भाग शेवटाकडे. बोट पडद्यावर ठेवून एकेक ओळ वाचली. पन्नास अधिक पाच. शेवटची तीन अक्षरं जुळत होती. मी मागचं-पुढचं पान पुन्हा पाहिलं, तसंच दुसरं कुठलं नाही ना याची खात्री केली. तसं एकच होतं. दोन्ही औषधांची नावं कागदावर मोठ्या अक्षरात लिहिली आणि जिन्याकडे धावले. मामाजी मागून म्हणाले, "एक एक अक्षर म्हणून सांग. तिलेबी म्हणायले लाव."

गच्चीवरून बहिणीचा मोबाइल लागेना. दोनदा, तीनदा. मग वॉर्डाचा नंबर लावला, तो तिनं मागेच देऊन ठेवला होता. दुसऱ्याच कुणीतरी उचलला. मी बहिणीचं नाव सांगितलं. पलीकडून पळत जाणाऱ्या चपलांचा आवाज आला. बहीण आल्यावर मी नावं सांगितली, एक एक अक्षर. तिनं परत म्हणून दाखवली. मग ती फोन तसाच ठेवून डॉक्टरांकडे गेली. मी गच्चीवर ओल्या कपड्यांच्या मध्ये उभी, कानाला फोन लावून. वॉर्डातले आवाज येत होते. कुणीतरी रडत होतं. ती बाईच का, कोण जाणे.

बहीण परत आली. "ताई, डॉक्टर म्हणतात, बरं झालं. त्यातल्या एकावर हेच इंजेक्शन चालते, ते मोजून देत राहायचं. दुसऱ्यानं हे झटके. त्याले उतारा नाही, झटक्यांचं औषध देऊन सांभाळायचं. आता कळलं तरी काय करायचं ते. मी ठेवते."

मी खाली आले तेव्हा मामाजी आपल्या खोलीत बसले होते. फोन समोर, मुका. मी म्हटलं, "सापडलं म्हणून सांगितलं त्यांना. इलाज सुरू आहे." त्यांनी मान हलवली. मला त्यांची माफी मागायची होती. दारात चपलांशी चाळा करत मी उभी राहिले आणि शेवटी म्हणाले, "जेवायला वाढू का?"

"वाढ," ते म्हणाले. मग पाटावर बसता बसता, "मले वाटलं होतं, तारंचं काम कोनाच्या काळातलं नसते."

तेवढंच. मी मान खाली घालून वाढलं. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं, ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सोमवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून ऑटोनं टेलिफोनच्या ऑफिसात गेले. कुणी ओळखीचं उरलं नव्हतं म्हणाले, पण दोन डब्या घेऊन आले. एक त्यांनी आपल्या फोनच्या वायरीत बसवली आणि मला समोरच्या खोलीत बसवून शेजाऱ्यांच्या घरून फोन करवला. लाल दिवा लुकलुकला, मोडेमचा दिवा स्थिर राहिला. त्यांनी तीनदा करवला. टेबलफॅन मी उचलून आत नेला.

बाई वाचली. पण लगेच कळलं नाही. दोन दिवस बहिणीचा आवाज ऐकून मला विचारायची हिंमत होत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनंच सांगितलं, की बाई उठून बसली, चहा प्याली. त्याच आठवड्यात शेजारच्या पलंगावरचा एक माणूस गेला. त्याच्या औषधाची बाटली कुणी आणलीच नव्हती.

त्यानंतर मी ग्रंथालयातली छापील यादी काढली, त्यातली मिश्रणं वेगळी केली आणि पाच-सहा कागदांवर मोठ्या अक्षरात उतरवली. बाटलीचा रंग ठाऊक असेल तिथे तोही लिहिला. अक्षरं आणि आकडे मामाजींनी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेऊन तपासले, मला दोन चुका दाखवल्या. पुढच्या रविवारी एसटीनं अमरावतीला जाऊन ते कागद वॉर्डात दिले. बहिणीनं ते औषधांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवले.

बाई अजून तिथेच होती. दर्यापूरकडच्या खेड्यातली, माझ्याहून लहान, दुसऱ्याच्या शेतात रोजानं जाणारी. बोटं थरथरत होती, ती पदरात धरून बसली होती. बहिणीनं माझी ओळख करून दिली.

"तुमी डाक्टर हाय का?" तिनं विचारलं.

"नाही. मी पुस्तकं सांभाळते."

तिनं मला नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, "मंग एक सांगा. त्या दिवशीचं लुगडं घरी पडून हाये. धुऊन नेसू का फेकू? कोनीच सांगत नाई."

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं तिला. दुसऱ्या दिवशी अकोल्यात एका प्राध्यापकांना गाठून विचारलं. ते म्हणाले, एवढं भिजलेलं कापड नेसू नये, फेकावं, दुसऱ्या कपड्यात मिसळून धुवूही नये. मी गच्चीवरून बहिणीला कळवलं. तिनं जाऊन बाईला सांगितलं आणि मला परत फोन केला.

"ताई, ती म्हणते, लुगडं फेकते. पण तिच्या नवऱ्यानं आपले त्या दिवशीचेच कपडे घालून काल पुन्हा फवारणी केली."

"मग त्याला सांग."

"सांगितलं," बहीण म्हणाली. "आता तो दारात उभा आहे. तुह्याशी बोलतो म्हणते. देऊ का फोन?"

"दे," मी म्हटलं, आणि त्याच्याशी बोलायला गच्चीच्या कठड्यावर बसले.